खणातल्या रिंगेचे गाऱ्हाणे

मी एक जुनी रिंग आहे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका दवाखान्यात, डॉक्टर शर्वरी यांच्या टेबलाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, नाव ऐकून बोटातली अंगठी डोळ्यांसमोर आणू नका. मी गर्भनिरोधक रिंग आहे. हे मी मोठ्याने सांगते, कारण गेली सहा वर्षे माझ्याविषयी जे बोलले गेले ते सारे कुजबुजत. कोणी ‘ते’ म्हणते, कोणी ‘आतलं’. औषधवाला माझ्या बहिणींना वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, जणू काही आम्ही चोरीचा माल आहोत. मला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

माझा जन्म दूर कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. मऊ, पारदर्शक प्लास्टिकची, तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढी, अशी मी घडले. मी आले ती नमुना म्हणून. माझी मुदत केव्हाच सरली, अंगातले औषधही निकामी झाले. खरे काम करतात त्या माझ्या बहिणी. डॉक्टर मला तळहातावर ठेवतात, दोन बोटांत चेपून दाखवतात आणि त्यांची वाक्ये आता मला पाठ झाली आहेत.

“बाईने स्वतःच ही अशी चेपून योनिमार्गात सरकवायची. नेमकी कुठे बसली याची काळजी नको, ती आपली जागा धरते. तीन आठवडे आत. तेवढ्या काळात तिच्यातून दोन संप्रेरकं थोडी थोडी झिरपतात आणि रक्तात जातात. त्यामुळे अंडाशयातून बीज सुटत नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होऊन वाट अडते. चौथ्या आठवड्यात काढायची, पाळी येते, आठव्या दिवशी नवी घालायची.”

मग डॉक्टर प्रश्न विचारतात. रक्तदाब? पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ? डोळ्यांपुढे झगमगून येणारी अर्धशिशी? पस्तिशी उलटली असून धूम्रपान? यांतले काही असेल तर मी त्या बाईसाठी नाही, असे त्या स्पष्ट सांगतात. लैंगिक आजारांपासून मी वाचवत नाही, हेही सांगतात. मी सर्वगुणसंपन्न असल्याचा दावा कोणीच केलेला नाही. पण जे काम माझे आहे, ते नीट करू दिले तर मी चोख करते. रागाचे मूळ त्या ‘करू दिले तर’मध्ये आहे.

नीरा पहिल्यांदा आली ती जूनमध्ये. एकतीस वर्षांची. नंदेसरीतल्या एका रासायनिक कारखान्यात तपासणी प्रयोगशाळेत काम करणारी. कामाच्या शिफ्ट बदलत्या, त्यामुळे रोज ठरल्या वेळी घ्यायची गोळी दोनदा चुकलेली. तांबी बसवली तर रक्तस्राव एवढा, की ती काढावी लागली. तिची मुलगी अबोली तेरा महिन्यांची होती. ऑपरेशनने झालेले ते बाळंतपण नीराच्या जिवावर बेतले होते. तिला रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या होत्या.

“निदान वर्षभर तरी पुन्हा दिवस राहता कामा नयेत,” डॉक्टर म्हणाल्या. “टाके अजून कच्चे आहेत असंच समजा. नवरा आलाय का बरोबर?”

“कुशल बाजव्याला ऑफिसात असतो. त्याला सुट्टी नाही मिळत.”

नर्स शालिनी रक्तदाबाची पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “पुरुषांना क्रिकेटची मॅच असली की बरी मिळते, हं बेन!”

नीरा हसली. तिने मला हातात घेतले, डोळ्यांजवळ धरले, वाकवून पाहिले. कोणत्याही बाईने मला इतक्या जाणतेपणाने पाहिले नव्हते. “आणि बाहेर निघाली तर?” तिने विचारले.

“थंड किंवा कोमट पाण्याने धुवायची. गरम पाणी नको. तीन तासांच्या आत परत घालायची. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिली, तर परत घालून पुढचे सात दिवस दुसरी काळजी घ्यायची. निरोध, नाहीतर संयम.”

“तीन तास, सात दिवस,” नीराने मनाशी म्हटले. ती विसरणारी नव्हती. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. पुढे जे घडले ते तिच्या विसरण्याने घडले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस ती पुन्हा आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. डॉक्टरांनी सवयीने मला खणातून बाहेर काढून टेबलावर ठेवले होते, म्हणून मी सारे ऐकले.

तिच्या सासूबाई, अहल्याबाई, निवृत्त शिक्षिका. घरात गौरी बसतात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण आणि चाळीस पाने. खंडेराव मार्केटातून भाज्या आणायच्या आणि सगळा स्वयंपाक सोवळ्यात करायचा. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे थंडाव्याला ठेवलेले माझ्या एका बहिणीचे खोके अहल्याबाईंना सापडले. चौकशी झाली. नीराने लपवले नाही.

“त्या म्हणाल्या, ‘अंगात रबर घालून गौरींचा नैवेद्य? पहाटे काढ, संध्याकाळी घाल.’ मी म्हटलं, आई, तीन तासच चालतं. तर म्हणाल्या, ‘एका दिवसानं काय होतंय? मी तीस वर्षं सोवळं केलंय.’ मी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात दारात पाहुणे.”

“मग?”

“पहाटे पाचला काढली. रात्री आठला घातली. पंधरा तास. नवी रिंग घालून तिसराच दिवस होता.”

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. “आणि ते सात दिवस?”

“कुशलला सांगितलं, आठवडाभर जपायचं. तो म्हणाला, ‘परत बसवलीस ना? मग झालं.’” नीराने आवाज खाली आणला. “दोनच दिवसांनी तो जवळ आला. मी नको म्हणाले होते, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं.”

“पाच दिवसांच्या आत आला असतात तर तातडीची गोळी देता आली असती. आज बारावा दिवस.”

“पाहुणे गेल्यावर लगेच शिफ्ट लागली. सुट्टी आजच मिळाली.”

मी टेबलावर होते. मला उठता आले असते तर मी त्या घरात गेले असते. जिच्या पोटावर टाके, तीच सांगते आहे. कारखान्यात जिच्या सहीशिवाय एक पिंप फाटकाबाहेर पडत नाही, तीच सांगते आहे. आणि घरात तिच्या शब्दाला सोळाव्या भाजीएवढीही किंमत नाही! तीन तास ही माझी मर्जी नव्हे. पाळीच्या आठवड्यात रिंग आत नसतेच. त्यापाठोपाठ ती पुन्हा बाहेर राहिली, तर अंडाशय जागे होऊ शकते. त्याला सण कळत नाही.

“रिंग आहे तशी चालू ठेवा,” डॉक्टर म्हणाल्या. “धोका थोडाच आहे, पण आहे. दहा दिवसांनी तपासणी करू. तोपर्यंत घरात कोणाला तरी सांगा. एकटीनं हे ओझं वाहू नका.”

ते दहा दिवस मी खणात मोजले. दहाव्या दिवशी नीरा आली. तीन आठवडे भरल्यावर रिंग काढून चार दिवस झाले होते, पाळी आली नव्हती. सोबत अहल्याबाई होत्या, हातात काठी, तोंडावर घाम. नीराने त्यांना सांगितले होते.

शालिनीने गर्भचाचणीची पट्टी आणून टेबलावर ठेवली. पाच मिनिटे सगळ्यांचे डोळे पट्टीवर. एकच रेघ उमटली. दिवस राहिले नव्हते.

“गौरींनी सांभाळलं,” अहल्याबाईंनी हात जोडले.

नीरा उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण तसा आवाज मी त्या खोलीत आधी ऐकला नव्हता.

“आई, तुमच्या डाव्या गुडघ्यात सांधा बसवलाय. धातूचा आणि प्लास्टिकचा. गौरींच्या स्वयंपाकाला तो काढून ठेवला होतात का?”

शालिनीने तोंडाला पदर लावला. अहल्याबाई गोंधळल्या. “तो कसा काढणार? तो... तो औषधपाण्याचा आहे. त्याशिवाय मी उभी कशी राहीन?”

“मग मी कशी उभी राहीन?”

अहल्याबाईंनी टेबलावरून मला उचलले. डॉक्टरांसारखे दोन बोटांत चेपून पाहिले. मग पिशवीतून फोन काढला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “कुशल, ऑफिसातून नीघ आणि दांडिया बाजारात ये. मीटिंग? मीटिंगला सांग, आईनं बोलावलंय.”

तो पाऊण तासाने आला. अहल्याबाईंनी मला त्याच्या तळहातावर ठेवले. मित्रांनो, सहा वर्षांत माझ्यावर पडलेला तो पहिला पुरुषाचा हात.

“एवढीशी?” तो म्हणाला. “बाहेर राहिली तर काय करायचं असतं?”

“मी सांगितलं होतं तुला,” नीरा म्हणाली. “तू मॅचचा आवाज वाढवलास.”

कुशलने खाली पाहिले. “परत सांग.”

आणि नीराने सांगितले. तीन तास, सात दिवस. सुरुवातीपासून, एकेक शब्द सुटा करून. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला पुसून खणात ठेवले. मित्रांनो, मी मुद्दामच ‘मित्रांनो’ म्हणत आले, कारण मैत्रिणी मला भेटायला येतात, तुम्ही येत नाही. मला जपा असे मी म्हणणार नाही. नमुन्याला काय जपायचे? एवढेच मागते, की जिचे शरीर आहे ती बाई काही सांगत असेल, तर पहिल्यांदाच ऐका. ‘परत सांग’ म्हणण्याइतका वेळ दर वेळी मिळतोच असे नाही.