सुकल्या केसांवरची कात्री

एनेरोलिसाच्या लेकीचं, युडेल्काचं लग्न ठरलं, ते २०१४ साल. मोका गावात एनेरोलिसाचं सलून तीस वर्षं चाललेलं. रीत गावातल्या सगळ्या सलूनची तीच तिची: केस धुवायचे, रोलर गुंडाळायचे, ड्रायरखाली बसवायचं, ब्रशने ओढून सरळ करायचे आणि मगच कात्री लावायची. लेयर्स कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लग्नाला चार महिने असताना युडेल्का म्हणाली, "आई, मी माझ्या कुरळ्या केसांनीच लग्नाला उभी राहणार. लेयर्स तेवढे कापून दे."

एनेरोलिसाने सवयीने केस आधी सरळ केले, मग कापले. छान दिसले. दुसऱ्या दिवशी पोरीने डोकं धुतलं आणि आरशासमोर किंचाळली. पुढच्या बटा उडी मारून कानाच्या वर गेल्या होत्या, मागच्या खांद्यावर लोंबत होत्या.

"छत्री झालीय माझी! जाऊ दे, सरळच कर. सासूचंही तेच म्हणणं आहे."

"सासू गेली खड्ड्यात. बिघडवलं मी, नीटही मीच करणार."

पण कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पोरीवर दुसऱ्यांदा हात चालवायची तर छाती होईना.

दर शनिवारी पहिल्या खुर्चीत बसणारी एनेरोलिसाची आई, एक्क्याऐंशी वर्षांची तोमासिना, जिला गाव मानाने 'दोन्या' म्हणे, सगळं ऐकत होती. तिने डोक्याचा रुमाल सोडला. "माझ्या डोक्यावर शीक. माझं कुठं लग्न राहिलंय?"

साठ वर्षांत तिचे केस सरळ न केलेले कुणी पाहिले नव्हते. एनेरोलिसाने ते धुतले, तसेच सुकू दिले आणि बोटं फिरवली. एकाच डोक्यावर तीन तऱ्हा: मानेवर घट्ट स्प्रिंगा, टाळूवर सैल लाटा, कानशिलांवर विरळ, सरळ केस. तिने तिन्हीकडची एकेक बट ओली करून ओढली, सारख्या लांबीची कापली आणि सुकू दिली. मानेवरची निम्मी झाली. टाळूवरची दोन बोटं चढली. कानशिलावरची होती तिथेच राहिली.

"म्हणजे तीस वर्षं मी नसलेली लांबी कापत आले!"

"बडबड नको. काप."

मग तिने सुकल्या केसांवरच, बट जिथे बसते तिथेच, एकेक करून कापायला घेतलं. पहिल्या शनिवारी कानशिलांवर लेयर्स जास्त झाले, कातडी दिसू लागली.

"कोंबडीची पिसं उपटलीस की गं माझी!" म्हातारी हसली. पण पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसली. विरळ केसांना हात कमी लावायचा, दाट कुरळ्यांचा आतला भार काढायचा, लांबी राखायची, हे सहाव्या शनिवारी हाताला कळलं.

त्यानंतर युडेल्का. पुढचे केस वाढू दिले, मागचे दर आठवड्याला थोडे वर घेतले. ऑगस्टमध्ये पोर स्वतःच्या बटांनी वेदीपाशी उभी राहिली. सासू आली, तोंड वाकडं करून बसली, पण आली. पहिल्या बाकावर तोमासिना होती, पांढऱ्या बटांत जास्वंद खोवून.

नोव्हेंबरात शेजारीण तोमासिनाच्या शवपेटीपाशी ड्रायर घेऊन आली. "शेवटचं तरी हिचे केस नीट करूया."

"नीटच आहेत," एनेरोलिसा म्हणाली. तिने ड्रायर घेऊन बाजूला ठेवला आणि कपाळावर आलेली एक बट कापली, सुकीच.

दोन्या तोमासिना १९ नोव्हेंबर २०१४ रोजी सकाळी, मोकातल्या राहत्या घरी वारली.