दमियानसाठी दारोदार

“यंदा कोणी फिरकायचं नाही, आलिंग बास्यांग! एवढे सुमान कोणासाठी बांधताय?” मी कुंपणावरून ओरडले.

“तू तुझं बघ, लुदी!” केळीच्या पानात सुमानचा चिकट भात गुंडाळता गुंडाळता शेजारच्या बास्यांग म्हातारीने मला उडवून लावलं.

सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ होती. या संध्याकाळी पांढऱ्या चादरी पांघरलेले गाणारे आमच्या गल्लीत यायचे. आम्ही स्वर्गाच्या वाटेवर अडकलेले आत्मे, आमच्यासाठी प्रार्थना करा, असं दारोदार गायचे आणि सुमान घेऊन जायचे. यंदा मैदानावर भुताखेतांच्या पोशाखांची स्पर्धा ठेवलेली, त्यामुळे झाडून सगळे तिकडे!

बास्यांगने जन्मभर लोकांचे कपडे धुतले. एकुलता एक मुलगा दमियान जहाजावर कामाला होता. जहाज बुडालं, तो सापडलाच नाही. उद्या सगळे कबरींवर मेणबत्त्या लावणार. हिने कुठे लावायची?

“गाणारे येतात ना, ती माणसं नसतात गं,” ती मला नेहमी सांगायची. “देव आपल्या गेलेल्या माणसांना एक संध्याकाळ सोडतो. एखाद्या चादरीखाली माझा दमियान असेल की नाही?”

असेल, म्हणायचे मी. दुसरं काय म्हणणार!

अंधार पडला तरी ती पायरीवरच. मला बघवेना.

“आत चला, दोन घास खा.”

“तो आला आणि दार बंद दिसलं तर?”

“अहो, कोणी येत नाहीये!” मी तडकलेच.

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, “गायलाच कोणी नाही, तर माझं लेकरू प्रार्थना मागणार कसं?” आणि आपल्या घरात गेली.

आम्ही जेवायला बसणार, तोच दारात गाणं सुरू झालं. बेसूर, धाप लागलेलं. दार उघडलं तर पांढरी चादर डोक्यावरून घेऊन कोणीतरी एकटीच उभी. स्पर्धेसाठी वटवाघळाचे पंख लावून बसलेला माझा नवरा फिस्सकन हसला.

“अगं, ही तर आपली आलिंग...”

मी त्याला कोपराने ढोसलं. गाणं संपल्यावर, रीतीप्रमाणे विचारलं, “कोणासाठी प्रार्थना करायची?”



“मी दमियान,” चादरीआडून आवाज आला. “शेजारच्या घरात माझी आई वाट बघत असेल. तिला सांगाल का, मी येऊन गेलो म्हणून?”

नवऱ्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. पंखांसकट तो गुडघ्यांवर बसला. मीही बसले. आम्ही दमियानसाठी प्रार्थना म्हटली.

“सांगते हो, बाळा,” मी म्हणाले.