वहिनींची साक्ष

नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी साडेसात वाजता रडत होती. मालिकेतली ती थोरली सून. नवरा परागंदा, सासू खाष्ट, धाकटी जाऊ आतल्या गाठीची. तेव्हा रडण्यावाचून दुसरं कामच नव्हतं. लोक जेवता जेवता तिच्याबरोबर डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात तिला गाठून बजावायचे, "वहिनी, त्या जावेवर अजिबात विश्वास ठेवू नका." तिचं खरं नाव आई, भाऊ आणि बँक यांच्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्या जगाची ती वहिनी.

तिचे केस करायला मावशी होती. पंचावन्नची, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. रोज सकाळी ओठांत पिना धरून ती वहिनीच्या मागे उभी राहायची आणि पिनांच्या फटीतून अख्ख्या युनिटची उणीदुणी काढायची. तिचा हात केसांत फिरला की वहिनीला निम्मे संवाद आपोआप पाठ होत.

सेटवर एक जिना होता. दहा पायऱ्या, वर छोटी माडी, माडीला कठडा आणि कठड्यामागे रंगवलेलं कापड. माडीची फळी मऊ पडलीय, असं सुताराने आठवडाभर आधी सांगितलं होतं. सगळ्यांनी त्याचं ऐकून घेतलं, आणि विसरून गेले. त्या दिवशी वहिनी हातात दुधाचा पेला घेऊन जिना चढत होती. पाचव्या पायरीवर शॉट थांबला, अंबाडा सुटला होता. मावशी फणी घेऊन मागून वर निघाली. वहिनी म्हणाली, "इथे अडचण होतेय, माडीवर जाऊ." मावशी पुढे झाली, माडीवर पाय ठेवला, आणि फळी मोडून खाली गेली. उजवा हात अंगाखाली सापडला.

मावशीला गाडीत घालून इस्पितळात नेलं. तासाभराने माडीवर दुसरी फळी ठोकली, दिग्दर्शक म्हणाला, "वहिनी, वेळ जातोय." ती उभी राहिली आणि तिने उरलेला सीन पुरा केला. हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

आठवड्याने प्रॉडक्शन मॅनेजर तिच्या मेकअपच्या खोलीत आला. माणूस गोडबोल्या, गळ्यात नेहमी तीन चाव्या. "मावशीची एक सही हवी होती. इस्पितळाच्या कामाला लागते. आमचं ऐकत नाही ती, तुमचं ऐकेल." वहिनी दुपारच्या सुटीत इस्पितळात गेली. मावशीने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय लिहिलंय गं यात?"

"काही नाही, नेहमीचंच. कर सही."

मावशीने डाव्या हाताने, लहान मुलासारखी वाकडीतिकडी सही केली.

दोन महिन्यांनी मावशी तिच्या दाराशी आली. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. फणी धरणं तर सोडाच, घास उचलून तोंडात घालणंही डाव्या हातावर आलं होतं. मालिकेच्या कंपनीने हात वर केले होते. कागदात लिहिलं होतं की मावशी त्या दिवशी रजेवर होती, स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडली आणि कंपनीबद्दल तिची काही तक्रार नाही.

वहिनीने तो कागद तीनदा वाचला. मग ती तडक मॅनेजरकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही संवाद पाठ करा. कागदपत्रांचं आम्ही बघतो ना."

त्या एका वाक्याने तिचं डोकं फिरलं. त्याने शिवी दिली असती तर ती कदाचित रडून मोकळी झाली असती. पण तो खरं बोलला होता. वीस वर्षं तिने दुसऱ्यांनी लिहिलेलं पाठ केलं होतं आणि त्याचा अर्थ विचारण्याची सवय तिला कुणी लावली नव्हती, तिने स्वतःही लावून घेतली नव्हती.

कराराचे चार महिने उरले होते. ते तिने चोख पुरे केले आणि नवा करार सही न करता परत पाठवला. निर्माता फोनवर म्हणाला, "मग तुमचं पात्र मारावं लागेल."

"खुशाल मारा. मला फक्त तारीख कळवा, आईला आधी सांगून ठेवते."

गाडी दरीत कोसळून वहिनी गेली. पुढचा महिनाभर लोक रस्त्यात तिला थांबवून तिच्याच जाण्याबद्दल हळहळ व्यक्त करत होते.

घरात खरं रणकंदन झालं ते दादाशी. दादा तिचा थोरला भाऊ, तिच्या तारखा, मुलाखती, समारंभ सगळं तोच सांभाळायचा. ती कायद्याच्या कॉलेजात नाव घालणार म्हटल्यावर तो आधी हसला, मग भडकला.

"बेचाळीस वर्षांची घोडी झालीस. आता पाटी-पेन्सिल घेणार?"

"घेणार."

"चांगला वकील लावून दे त्या मावशीला. हौस फिटेल."

"वकील दिलाय. शिकतेय ती मी माझ्यासाठी. पुन्हा कुणी मला कागद देऊन पाठवायचं नाही."

आई कोपऱ्यात चष्म्याच्या काचा पुसत होती. ती म्हणाली, "जाऊ दे रे तिला. नऊ वर्षं रडताना बघितलीय, जरा भांडताना बघू."

वकील म्हणजे बाई. चपला दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. कामगारांचे खटले लढवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि आवाज बसला होता. मावशीचा दावा त्यांनी दाखल केला, आणि दावा तारखांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कॉलेजात पहिल्या दिवशी पोरांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी शिपायाने आपल्या बायकोशी फोनवर बोलायला लावलं. पंधरवड्याने कौतुक ओसरलं आणि खरी शाळा सुरू झाली. पाठांतर तर तिच्या हातचा मळ. कलमंच्या कलमं ती धडाधड म्हणून दाखवायची. पहिल्या वर्षी कराराच्या कायद्यात सपशेल नापास झाली. प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका पुढे ठेवली. "उत्तर उत्तम आहे. फक्त प्रश्न हा नव्हता."

पेपरात चौकट आली: 'वहिनी नापास'. दादाने ते पान टेबलावर आपटलं. तिने चौकट नीट कापली, अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवली आणि फेरपरीक्षेचा अर्ज भरायला गेली. या खेपेला तिने पाठ करणं सोडलं. एकेक वाक्य घ्यायची आणि विचारायची, हे कुणाच्या सोयीचं आहे, आणि कुणाच्या मुळावर? पास झाली. पहिल्या वर्गात वगैरे नाही, काठावर. पण पुढच्या वर्षी काठापासून बरीच आत आली.

सनद मिळाल्यावर ती बाईंच्या ऑफिसात रुजू झाली. एव्हाना मावशीचा दावा साक्षीपुरावे नोंदवण्यापर्यंत पोचला होता. नवा काळा कोट घडी मोडून खुर्चीवर ठेवला होता. शिकण्याची सगळी वर्षं तिने एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं: तो कोट घालून आपण मावशीची बाजू मांडतोय.

बाईंनी फाइलवरून नजर न उचलता सांगितलं, "या खटल्यात तू वकील नाहीस. साक्षीदार आहेस. सहीच्या वेळी खोलीत तू होतीस. एकाच खटल्यात साक्ष द्यायची आणि वकिलीही करायची, असं चालत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"शिकत होतीस, कशाला मोडता घालू? शिक्षण वाया जात नाही. कोट मात्र घरी ठेवून ये. आणि आणखी एक. सहीसाठी तिला तू गळ घातलीस, हे तुला उघड सांगावं लागेल. उद्या अशिलाला तुझ्याकडे येताना ते आठवेल. वकिलीच्या पहिल्याच घासाला खडा आहे हा, विचार करून घे."

त्याच आठवड्यात दादा निरोप घेऊन आला. निर्माता नवी मालिका काढत होता, तिच्याच पात्राच्या नावाची, आणि मुख्य भूमिका तिलाच देणार होता. दादाने आवाज खाली आणला. "साक्ष दे हवी तर. फक्त आठवत नाही म्हण. पाच वर्षं झाली, कुणाला आठवतं?"

"मला आठवतं."

"लोक तुला लबाड म्हणतील."

"म्हणू देत. नऊ वर्षं मला बिचारी म्हणत होते, त्याने तरी माझं काय भलं झालं?"

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली गच्च भरली. अर्धे लोक दुसऱ्या खटल्यांचे होते आणि वहिनी दिसतेय म्हणून थांबले होते. मावशी पहिल्या बाकावर बसली होती, उजवा हात मांडीवर, डावा त्याच्यावर. बाईंनी सरळ प्रश्न विचारले, तिने सरळ उत्तरं दिली. मग कंपनीचा वकील उठला. उंच, टापटिपीचा, बोलणं साखरेत घोळलेलं.

"आपण रडण्याबद्दल प्रसिद्ध आहात, नाही का?"

"हो."

"डोळ्यांत औषध घालावं लागायचं?"

"पहिली दोन वर्षं. नंतर नाही."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशांनी पेन टेबलावर ठोकलं.

"मग आत्ता आपण अभिनय करत नाही, हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

"मानू नये," ती म्हणाली. "माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघूच नये. मी सांगते ते ताडून बघा. मावशी त्या दिवशी रजेवर होती, असं कंपनी म्हणते. त्या दिवशी आम्ही मालिकेचा चोविसशे बारावा भाग चित्रित करत होतो. मी जिना चढते असा सीन आहे. पाचव्या पायरीपर्यंत माझा अंबाडा मानेवर आहे, तो मावशीने घातलेला. सहाव्या पायरीला तो डोक्यावर गेलाय आणि डावीकडे कलंडलाय. तो मेकअपवाल्याने घातला, कारण मावशी इस्पितळात होती. तो भाग तसाच दाखवला गेला. प्रेक्षकांची पत्रं आली होती, वहिनींच्या अंबाड्याला पाय फुटले का म्हणून."

वकील हसला. "कथेची गरज म्हणून केशरचना बदलली असेल."

"एका पायरीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

पुढच्या तारखेला तो भाग कोर्टात दाखवावा, असं त्यांनी नोंदवलं. वकिलाच्या आवाजातली साखर आता विरघळली होती.

"सहीच्या वेळी आपण तिथे होता. कागद आपणच नेला. त्यात काय आहे, हे आपण तिला सांगितलंत?"

"काही नाही, नेहमीचंच, असं सांगितलं."

"कागद वाचून?"

मावशी बाकावर जराशी पुढे झुकली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता, आणि वहिनीने आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं.

"न वाचता," वहिनी म्हणाली.

"म्हणजे आपण खोटं बोललात."

"हो. त्या दिवशी बोलले. तिचा माझ्यावर विश्वास आहे हे तुमच्या मॅनेजरला माहीत होतं, म्हणून मला पाठवलं. आणि मला दुपारचं चित्रीकरण गाठायचं होतं, म्हणून मी वाचलं नाही. मी फसवलं तिला. तुम्हाला हे माझ्या तोंडून हवं होतं ना? मग पुरतं लिहून घ्या. सही कशी मिळवली, तेही त्यातच आलं."

वकिलाने कागद चाळले आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणून तो बसला.

बाहेरच्या व्हरांड्यात मावशी खांबाला टेकून उभी होती. वहिनी तिच्यासमोर गेली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"आता काय तोंड लपवतेस?" मावशी म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"न वाचताच आलीस म्हणून. चष्म्याशिवाय तुला स्वतःचे संवाद दिसायचे नाहीत, आणि चष्मा तुझा मेकअपच्या खोलीत. मी म्हटलं, ही म्हणतेय म्हणजे बरंच असेल. माझीही अक्कल गहाण पडली होती." मग तिने डाव्या हाताने वहिनीची मागे सुटलेली बट कानामागे सारली. "राग आला होता. वर्ष-दोन वर्षं चांगलाच होता. पण नापास झालीस तेव्हा म्हटलं, पोरगी मागे हटत नाही, आता पुरे."

निकाल आठ महिन्यांनी लागला. कागद फसवून घेतलेला ठरला, अपघात कामावरचा ठरला आणि मावशीच्या हाताची जबाबदारी कंपनीवर आली. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथे अजून तारखा चालू आहेत; पण मावशीच्या हातावरचे उपचार कोर्टाने थांबू दिले नाहीत. तिची दोन बोटं आता मिटतात. त्या दोन बोटांत पेन धरून ती बाईंच्या ऑफिसात अशिलांची नावं वहीत लिहिते आणि उशिरा येणाऱ्यांना झापते.

पेपरांनी मात्र 'वहिनींनीच फसवलं' एवढंच छापलं. तीन महिने तिच्याकडे एकही अशील फिरकलं नाही. जुन्या सहकलाकारांनी फोन उचलणं बंद केलं. मग एक दिवस गर्दीतल्या दृश्यांत नाचणारी एक मुलगी आली. घसरड्या फरशीवर नाचायला नकार दिला म्हणून तिला काढून टाकलं होतं. "तुम्ही स्वतःविरुद्धसुद्धा खरं बोललात," ती म्हणाली, "म्हणून आले."

तो खटला वहिनीने कोट घालून, स्वतः उभं राहून लढवला. आणि हरली. फरशी ओली होती हे सांगायला एकही साक्षीदार पुढे आला नाही.

दादा त्या दिवशी पहिल्यांदाच कोर्टात आला होता. शेवटच्या बाकावरून उठून तो तिच्याजवळ आला आणि चाचरत म्हणाला, "हरलीस की गं."

"हो." ती फाइलची नाडी बांधत होती. नाचणारी मुलगी शेजारी उभी होती, तिचे डोळे भरले होते. वहिनीने तिच्या हातात फाइल दिली. "ही धर घट्ट. अपील करायचंय. निकालाची नक्कल आजच मागवावी लागेल, आणि नकलांची खिडकी चारला बंद होते. दादा, तुझे पाय लांब आहेत, पुढे पळ आणि रांगेत नंबर लाव."

दादाने घड्याळात पाहिलं. चारला दहा मिनिटं कमी होती. तो जिन्याकडे धावला.