ट्रकला आडवी गेलेली सून

चिखलीच्या हिंमतरावांच्या दारात ट्रक निघायला उभा राहिला, की अन्नपूर्णाबाईंची दोन कामे ठरलेली असत. ट्रकला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा, आणि विधवा सुनेला मागच्या खोलीत धाडून दार लोटून घ्यायचे. महाराष्ट्र राज्य नवे झाले होते, शकुन-अपशकुन मात्र जुनेच चालले होते.

मागच्या कापसाच्या हंगामात राजूर घाटाच्या उतारावर ट्रक कड्याला आदळला आणि तो चालवणारा थोरला मुलगा भगवंत जागीच गेला. गाव म्हणाले, सून पांढऱ्या पायाची. अन्नपूर्णाबाईंनीही तेच धरून ठेवले. पोटचा गोळा गेल्यावर दोष द्यायला कुणीतरी लागते, आणि सुनेइतके हाताशी दुसरे कोण असते? ट्रक दुरुस्त झाला. आता धाकटा दयाराम त्यातून रुईच्या गाठी मलकापूर स्टेशनावर नेई.

त्या सकाळी नारळ फुटला, इंजिन सुरू झाले, आणि ती विधवा सून, कोकिळा, रिकामी घागर कमरेवर घेऊन सरळ ट्रकपुढून चालत गेली. हिंमतराव संतापले. विधवा आडवी, त्यात घागर रिकामी! फेरी रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केले.

अन्नपूर्णाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चुकून होते, पण दोनदा? एक लेक खाऊन हिचे पोट भरले नाही की काय? त्यांनी सुनेचे गाठोडे उचकले, तिच्या अंथरुणाखाली लिंबू-बिब्बा शोधला. काहीच सापडले नाही, तेव्हा त्यांचा संशय आणखी वाढला.

शेवटी धुण्याच्या दगडापाशी त्यांनी तिला गाठले.

"काऊन व कोकिळे, माह्या दयारामचं काय वाकडं करून राह्यली तू?"

"वाकडं होऊ नये मनून करून राह्यली, आत्याबाई. गाडीच्या ब्रेकचे पट्टे पार झिजले हायेत. मिस्त्री ओसरीवर मामाजीले सांगत होता. ते मनले, हंगाम होऊ दे, मंग पाहू. तवर मरीमायले बोकड देऊन टाकतो."

"मंग मले सांगाचं होतं."

"माह्यं कोन ऐकते? पन मी आडवी गेली, तं गाडी थांबते. एवढंच तं ठेवलं तुमी माह्या हाती."

"आन भगवंत?"

"त्यायनं बी पट्टेच मांगतले होते. त्यायले बी हेच उत्तर भेटलं."

सून खोटे बोलत असेल, असे त्यांना अजूनही वाटत होते. खरे म्हणजे, ती खोटी ठरावी अशीच त्यांची इच्छा होती. जेवायला वाढताना त्यांनी नवऱ्याला विचारले, "गाडीचे पट्टे बदलले का?"

"बायकायनं गाडीत नाक खुपसू नये," हिंमतराव भाकरी मोडत म्हणाले. "बोकडाचा खर्च केला ना मी?"

म्हणजे बोकडाला पैसा होता, दर फेरीच्या नारळाला होता. पोराच्या जिवाला तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी स्वतः कोकिळेच्या खोलीला बाहेरून कडी घातली. ट्रक सुरू झाला. अन्नपूर्णाबाईंनी कडी काढली, सुनेचा हात धरला आणि चारचौघांदेखत तिला घेऊन ट्रकपुढे उभ्या राहिल्या.

"दयारामचे माय, बाजूले हो. आन तिचा हात सोड."

"मी तं सवाशीन बाई. माह्या आडवं येन्यानं अपशकुन होत नाई. मंग सांगा, गाडी काऊन थांबवून राह्यली मी?"

"लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. या पोरीले गावानं पांढऱ्या पायाची मनलं, मी बी मनलं. तवा खरं काय ते तुमाले ठाऊक होतं. होतं ना?"

दयारामने इंजिन बंद केले, खाली उतरून तो बापासमोर आला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "मी गेलो असतो, तं मंग कोनाचे पाय पांढरे निंगाले असते?"