दोन फद्दानांचा करार

"पाय पुसून जा गं, मास्तरीणबाई. तंताच्या शाळेतल्या पोरी हसतील," आबा म्हणाले. स्वतः मात्र घोटाभर चिखलात उभे राहून बरसीमचं, म्हशीच्या चाऱ्याचं, बी फेकत होते.

ऑक्टोबरातली सकाळ होती. बांधावर मी मक्याची भाकरी, मुरवलेलं चीज आणि कांदा मांडला.

"आधी शिक्का मार." गळ्यातल्या दोऱ्याचा पितळी शिक्का त्यांनी काढून दिला. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची सही म्हणजे तोच.

नव्या कायद्याने जुन्या कुळांचे हक्क संपले होते. तरीही मालकीण हाजा इनायात यांनी आमच्या दोन फद्दान जमिनीचा तीन वर्षांसाठी नवा करार धाडला होता. संध्याकाळपर्यंत तो तंता शहरातल्या त्यांच्या घरी पोचायला हवा होता, नाहीतर त्या दुसरं कूळ बघणार होत्या.

"वाच पुन्हा एकदा."

"तीनदा वाचला, आबा."

"वाच. कानाला गोड लागतंय."

मी वाचला, शिक्का उमटवला आणि बसने शाळेत गेले. दुपारची पाळी शिकवली. हाजांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मी गेले नाही.

शेत राहिलं असतं, तर म्हैस राहिली असती, पाण्याची पाळी राहिली असती आणि त्यांच्यामागे मीही. एकतीस वर्षांची झाले होते. दार लावून वाचत बसता येईल अशी शहरातली एक खोली मला हवी होती. घरी येऊन मी सांगितलं, "हाजा नाही म्हणाल्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पेरून झालंय," एवढंच म्हणाले. "आता ते कापणार कोण?"

म्हैस विकली. आबा माझ्याबरोबर तंतात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आले. बाजारात हाजा दिसल्या की तोंड फिरवून रस्ता ओलांडायचे. मी त्यांचा हात धरून चालत असायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले.

सांत्वनाला आलेल्या बायकांनी खोली भरली. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. तफीदाआत्या येईल तिला सांगत होती, "पोरीनं लग्न नाही केलं, बापापायी."

काठी टेकत हाजा आल्या, माझ्याशेजारी बसल्या.

"मी काय वाईट केलं होतं गं तुझ्या बापाचं, अब्दुल-मौजूदचं? त्या दिवशी अंधार पडेस्तोवर दार उघडं ठेवून बसले. ना तो आला, ना कागद. वर रस्त्यात सलामही घेईना."

"जाऊ द्या हो, हाजा," आत्या म्हणाली. "भाऊ माझा पहिल्यापासून हेकट. स्वतःच्या हातानं शेत घालवलं आणि मनाला लावून बसला."

बायकांनी माना हलवल्या. मी कप खाली ठेवला.

"हेकट नव्हते ते, आत्या. कागद त्यांनी माझ्याजवळ दिला होता. मी हाजांकडे गेलेच नाही. मला ते शेत नको झालं होतं."