डकवलेले नियम

मी लालासाहेबांशी खोटं बोलले ते फोनवर, आणि बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. पुढे लाज वाटली ती याचीच जास्त.

लालासाहेब रहिमतपूरचे. फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता ऊस बघतात. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं, म्हणून मीही मेजर म्हणायचे. ओळख झाली ती 'घाटवाट'मुळे. मी आणि माझा नवरा मुकुल, आम्ही दोघांनी सांगलीत आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार केलेला हा पटावरचा खेळ. एकाचे व्यापारी तांडे कोकणातून घाट चढून देशावर येतात, दुसऱ्याचे स्वार त्यांना अडवतात. पट, फासे, लाकडी सोंगट्या आणि चाळीस पानांचं नियमपुस्तक. मुकुल शाळेत भूगोल शिकवतो, मी छापखान्यात डीटीपी करते. एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो.

शहाणपण दोन महिने टिकलं. मग मेजरांचा पहिला फोन आला.

"ताई, तुमच्या खेळात घोळ हाय. आमची सून एक स्वार खिंडीत बसवती आन् तिथनं हलतच न्हाई. म्होरचा तांडा वर येतोय कशाला? आटवडा झाला, तीच जिकतीया."

सून म्हणजे क्रांती. घरात, मेजरांसकट, तिला हरवणारं कुणी नव्हतं.

"मग काय करूया?" मी विचारलं.

"उपाशी मानूस तीन दिसांवर पहारा देत न्हाई ताई. दानागोटा पोचला न्हाई तर तिसऱ्या पाळीला त्यानं माघारी फिरायचं."

मी हसले आणि तोच नियम करून टाकला. आजही तो नियम चौदा आहे, आणि लोक सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच करतात.

फौजेतली एक रीत मला मेजरांकडून कळली. तिथे नियम बदलला म्हणून नवं पुस्तक येत नाही, सुधारणेची चिठ्ठी येते. क्लार्कनं ती कापायची, जुन्या मजकुरावर डकवायची, नंबर आणि तारीख घालून सही करायची. पुस्तक तेच राहतं. मेजरांनी 'घाटवाट'लाही तीच शिस्त लावली. घोळ सापडला की फोन करायचे, आमचं बोलून ठरलं की आपल्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहून डकवायचे आणि मला फोटो पाठवायचे. दोन वर्षांत एकतीस चिठ्ठ्या झाल्या. त्यांचं पुस्तक पुरीसारखं फुगलं होतं.

नियमपुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा मी ते एकतीस फोटो समोर ठेवले आणि टाइप करत गेले. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. पुष्कळ ठिकाणी त्यांचं वाक्य माझ्यापेक्षा सरळ होतं, म्हणून तसंच ठेवलं.

किंमत पाचशे ठरली. मुकुलवर सगळं ढकलायचं असतं तर सोपं होतं, पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चित्रं नव्यानं काढून घेतली होती, चित्रकाराला पैसे द्यायचे होते, कागद महागला होता. "लोक पाचशेचा पिझ्झा अर्ध्या तासात खातात," तो म्हणाला, "आणि आपल्या दीड वर्षाच्या कामाला फुकट म्हणतात. हौसेला मोल नसतं हे फक्त आपल्यालाच का लागू?" मलाही ते पटलं. मीही रात्रंदिवस राबले होते. शेवटी आम्ही ठरवलं की बदललेल्या नियमांची वेगळी यादी कुणालाही द्यायची नाही, आणि सांगलीत आम्ही भरवणार होतो त्या स्पर्धेत प्रत्येक जोडीजवळ नवीन पुस्तक पाहिजे. नाहीतर घेणार कोण?

त्याच आठवड्यात मेजरांचा फोन.

"ताई, नवी आवृत्ती निगाली म्हनं. आमाला तेवढ्या चिठ्ठ्या पाठवा. डकवतो."

'मेजर, चिठ्ठ्या तुमच्याकडेच आहेत,' एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण त्यांना तसं सांगितलं, तर उद्या साताऱ्याचे खेळणारे यादी मागतील, परवा तासगावचे.

"चिठ्ठ्यांनी भागणार नाही मेजर," मी म्हणाले. "पुस्तक मुळापासून बदललंय."

"आसं व्हय," ते म्हणाले. "मग बगू या."

त्यांना एक प्रत भेट पाठवायची असं मी त्या दिवशीच ठरवलं. पाठवू पाठवू म्हणता राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, मी राहू दिलं. प्रत हातात पडली असती तर त्यांनी ती उघडलीच असती.

स्पर्धेला चाळीसेक माणसं आली. रहिमतपूरहून पहाटेच्या एसटीनं मेजर आणि क्रांती आले. मेजरांच्या पिशवीत ते फुगलेलं पुस्तक, वर खाकी कव्हर. क्रांतीनं खेळायला म्हणून शाळेतून रजा काढली होती, ती औंधला शिकवते. दारातच ती मला म्हणाली, "मामंजी महिनाभर म्हणतायत, मुळापासून बदललंय तर आपण काय जिंकणार. झोप नाही त्यांना." मी चहाचं बघायला म्हणून तिथून सटकले.

परत आले तेव्हा मेजरांनी शेजारच्या तासगावकरांचं नवीन पुस्तक मागून घेतलं होतं. डावीकडे नवं, उजवीकडे आपलं. चष्मा लावून दोन्हीकडे एकेक बोट ठेवून ते पान पान ताडून बघत होते, फौजेत चोवीस वर्षं बघितली असतील तशी. क्रांतीची पहिली पाळी खोळंबली होती.

"मामंजी, सुरू करायचंय."

"थांब पोरी."

मी उभी राहिले. शेवटच्या पानावर आभारात त्यांचं नाव होतं. तिथे त्यांचं बोट थोडं थांबलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"ताई, मुळापासनं म्हनला हुता."

"चित्रं सगळी नवीन आहेत," मी म्हणाले. ते वाक्य माझ्याच कानाला कसंतरी लागलं.

"चित्रं चांगली हायती," ते म्हणाले. आवाज चढला नाही, टोमणाही नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी विक्रीच्या टेबलावरून एक प्रत उचलून त्यांच्यापुढे केली. "ही तुमचीच मेजर. भेट. मी पाठवणारच होते."

त्यांनी ती घेतली नाही. आधी पाकीट काढलं, पाचशेची नोट टेबलावर ठेवली, मगच पुस्तक उचललं.

"पावती द्या," ते म्हणाले.

मी पावती लिहिली. तारीख दोनदा खोडली. त्यांनी पावती घडी घालून जुन्या पुस्तकात ठेवली आणि ते पुस्तक पिशवीत टाकलं. दिवसभर ते बाहेर काढलं नाही.

क्रांती दुसरी आली. बक्षीस घेताना तिनं मुकुलला नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं नाही. रात्री मुकुल खुशीत होता, सगळ्या प्रती संपल्या होत्या. मी त्याला मेजरांचं सांगितलं. तो म्हणाला, "आपण कुणाला फसवलं नाही." पुस्तकाच्या किमतीबद्दल तो बोलत होता. त्यात आम्ही खरंच कुणाला फसवलं नव्हतं.

त्यानंतर मेजरांचा फोन आला नाही. पूर्वी आठवड्याला एक तरी यायचा.

दीड महिन्यानं मी नियम सत्तावीस पुन्हा वाचला. टाइप करताना एक ओळ गळली होती. पुस्तकाप्रमाणे खेळलं तर भरलेला तांडा नदी ओलांडूच शकत नव्हता; बाकीचे जुन्या सवयीनं ओलांडत होते, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. चूक माझीच, मेजरांच्या चिठ्ठीत ती ओळ होती. मी सगळा धीर गोळा करून फोन लावला. मागे फासे पडल्याचा आवाज आला, क्रांतीचं हसणं आलं. खेळ चालू होता.

"मेजर, सत्तावीस चुकलाय."

"व्हय. पयल्याच दिशी दिसलं."

"मग कळवलं का नाही?" माझ्या आवाजात तक्रार आली. ती करायचा मला काय हक्क होता?

"इकत घेतलंय न्हवं ताई," मेजर शांतपणे म्हणाले. "इकतच्या पुस्तकात आमी कशाला लिवायचं? हाय तसं खेळतो."

"तुमचा तांडा नदीवर अडकत असेल ना?"

"आडकतो की."

तिकडे क्रांतीनं त्यांना हाक मारली, त्यांची पाळी आली होती.

"म्होरलं पुस्तक निगालं की कळवा," ते म्हणाले. "घिऊ."