वाळूतला पेरू

बूदाई बंदरामागच्या गल्लीतलं ते देऊळ एरवी चार म्हाताऱ्या आणि दोन मांजरांच्या भरवशावर चाले. आता मात्र रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे, कारण नऊ वर्षांची मुकी युनयुन वाळूत लिहू लागली होती.

देवतेने वाळूच्या तबकात काठीने लिहायचं, ही तिथली जुनीच रीत. देवळातल्या छाई गुरुमाईंनी ती रीत पुढे चालवली. त्या युनयुनच्या मुठीत काठी देत, तिची मूठ आपल्या मुठीत धरत, आणि वाळूवर अक्षरं उमटत. "मी कोण लिहिणारी? मी नुसता टेकू," त्या म्हणत. "पोरीचा आत्मा पंडित आहे हो, देह तेवढा कच्चा राहिलाय." आत्म्याचं वळणदार अक्षर गुरुमाईंच्या अक्षराशी हुबेहूब जुळतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चमत्कार पाहायला आलेला माणूस अक्षर कशाला तपासतोय?

युनयुनला जन्मापासून अँजेलमन नावाचा विरळ जनुकीय विकार होता. बोलणं नाही, चाल लटपटती, झोप जेमतेम, मधूनच आकडी, आणि कारण असो-नसो, तोंडभर हसू. पाण्याचं तर वेडच. कालवं सोलून बोटं चिरलेली तिची आई, पेईचू, इतकी वर्षं एका शब्दाची वाट पाहत होती. पहिल्याच रविवारी वाळूत उमटलं: 'आई, रडू नकोस. मला सगळं कळतं.' पेईचूने त्या तबकापुढे डोकं टेकलं. तिला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही.

पण नंतर एका रविवारी वाळूत आलं: 'औषध बंद कर. त्याने माझा आत्मा मळतो.'

औषध आकडीचं होतं. ते अचानक थांबलं तर पोर जिवाला मुकायची. युनयुनच्या शाळेतल्या ल्यावबाईंनी हे ऐकलं आणि त्या तडक पेईचूकडे गेल्या. तिथे त्या वाद घालत बसल्या नाहीत. औषध थांबवण्याआधी एकदा परीक्षा घ्या, एवढंच त्यांनी विनवलं आणि ती कशी घ्यायची तेही सांगितलं. पेईचू फणकाऱ्याने कबूल झाली. लेक जिंकणार याची तिला खात्री होती.

रविवारी गर्दीसमोर पेईचूने सांगितलं, की ती धूपपात्रामागे नेऊन युनयुनला एक वस्तू दाखवील आणि ती कोणती, हे युनयुनने लिहायचं. बोलताना तिच्या हातात एक पेरू होता. गुरुमाईंनी तो पाहिला. धूपपात्रामागे गेल्यावर पेईचूने पेरू खिशात टाकला आणि पिशवीतून लेकीच्या अंघोळीचा पिवळा तांब्या काढला. युनयुन त्यावर झडप घालून खदखदून हसली.

परत आल्यावर काठी सरसर फिरली. वाळूत अक्षरं आली: 'पेरू'.

गर्दीने हात जोडले. पेईचूने तांब्या वर धरला.

गुरुमाई डगमगल्या नाहीत. "आत्म्याला कापडाआडचंही दिसतं. खिशात पेरू आहे की नाही, दाखव बघू."

"आहे ना," ल्यावबाई पुढे झाल्या. "पण तो युनयुनने नाही, तुम्ही पाहिलात. आता तुम्ही पाठ फिरवा, मी तिला दुसरं काही दाखवते. मग लिहा."

"देवाची परीक्षा घेता?" म्हणत गुरुमाईंनी काठी खाली ठेवली.

"देवाची नाही, तुमच्या मुठीची. लिहिणारा वाळूकडे बघतो. पोरीचे डोळे कुठे आहेत ते बघा."

सगळ्यांनी पाहिलं. युनयुनची मान कोपऱ्यातल्या पाण्याच्या घंगाळाकडे वळलेली होती. ती दर रविवारी तशीच वळलेली असे.

पेईचूने बाईंची बाही धरली. "म्हणजे... 'रडू नकोस', तेही?"

"हो, ताई. तेही."

नऊ वर्षांनी मिळालेली लेक त्या एका शब्दात गेली.

घरी येऊन पेईचूने सोयाच्या खिरीत औषध कालवून भरवलं. अर्धं थुंकत, हसत युनयुनने ते गिळलं. मग तिने आईचं मनगट धरलं आणि ओढत नळापाशी नेलं. ती रोजच ओढायची आणि कामाच्या घाईत पेईचू रोज हात सोडवून घ्यायची. देवळातून निघताना ल्यावबाई म्हणाल्या होत्या, "ती बोलते, ताई. असंच बोलते."

सांगायचं एवढंच, की मुक्या पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून त्याचं मन लिहू नये, आणि कुणी लिहिलंच तर आधी पोराचे डोळे पाहावेत. परीक्षा घेतल्याने खरं काही मोडत नाही. मोडतं ते खोटं, मग ते कितीही गोड असो.

पेईचूने नळ सोडला. युनयुन पाण्यात हात घालून हसत राहिली आणि तिच्या शेजारी बसून पेईचू रडत राहिली. रडू नकोस, असं तिला कुणी म्हटलं नाही.